पत्रिका वाटून झाल्या, बाप्तिस्माही झाला... पुढे कोण?

मोहरीचा_दाणा (धागाकर्ता)

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणतोय, आज काढतोच. कारण परवा एक माणूस भेटला.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सुवार्ता गट आहे, म्हणजे येशूचा संदेश छापलेल्या पत्रिका वाटत फिरणारा. नऊ वर्षं मी त्यात आहे, त्यातली पाच वर्षं वही माझ्याकडे. साधी रेघांची वही: तारीख, ठिकाण, किती पत्रिका वाटल्या, किती नवे करार (बायबलचा दुसरा भाग) दिले, कितीजणांनी प्रार्थना करून घेतली, किती बाप्तिस्मे. माझं अक्षर बरं आहे म्हणून ती माझ्याकडे आली, बाकी काही नाही. परवा भेटलेल्या माणसाची त्या वहीत एक ओळ आहे आणि ओळीच्या शेवटी लाल शाईतली बरोबरची खूण. त्याला पहिली पत्रिका मीच दिली होती. सहा महिने तो उपासनेला आला, बाप्तिस्मा घेतला, साक्ष दिली (विश्वासात कसा आलो ते सर्वांपुढे सांगितलं), सगळ्यांनी आमेन म्हटलं. वर्षभरात दिसेनासा झाला. मी एकदा फोन केला, त्याने उचलला नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं.

परवा रस्त्यात समोरासमोर आलो. टाळता येईना. तो रागावलेला नव्हता, हसूनच म्हणाला, "पाण्यात उतरेपर्यंत तुमचा रोज फोन होता हो. बाहेर आल्यावर टॉवेल द्यायलाही कुणी थांबलं नाही."

घरी येऊन वही उघडली. बाप्तिस्म्यानंतरचा रकानाच नाही. रेघा मीच आखल्या होत्या.

तर प्रश्न दोन. एक, विक्रेत्यासारखं न वाटता आपला विश्वास दुसऱ्याला सांगायचा कसा? दोन, येशूने सांगितलेलं 'शिष्य करा' म्हणजे नेमकं काय करा? प्रवचन नको, ते रविवारी मिळतं. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. चुकलेलंही सांगा.

---

थोमा_दुसरा

वाचतोय. दहा वर्षं विश्वासात आहे, आजपर्यंत एकालाही तोंडाने सांगितलेलं नाही. लाज प्रभूची वाटत नाही, स्वतःच्या बोलण्याची वाटते. बाकी वाचून लिहितो.

---

निवृत्त_पाळक

धागाकर्त्याने प्रवचन नको म्हटले आहे, तरी जन्माची सवय आहे, थोडे सोसा.

मत्तय २८:१९ आपण सगळे पाठ म्हणतो: 'तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा.' मूळ ग्रीकमध्ये या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, 'शिष्य करा'. जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकवणे ही तिन्ही धातुसाधिते आहेत, त्या एका क्रियापदाला टेकून उभी. मराठीत 'जाऊन' हे रूप जसेच्या तसे उतरले आहे, ती आपल्या भाषेची सोय. पण पुढे 'बाप्तिस्मा द्या', 'शिकवा' अशा वेगळ्या आज्ञा झाल्या आणि आपण त्यांतली मोजायला सोपी होती ती उचलली. बाप्तिस्मा मोजता येतो. 'मी आज्ञापिलेले सर्व पाळायला शिकवा' हे मोजायचे कसे? तिथे 'शिकवा' एवढेच नाही, 'पाळायला शिकवा' आहे. वर्ग घेऊन ते होत नाही. पोहायला शिकवणारा काठावर बसून भागत नाही, तसे.

पहिल्या शतकांत लोक या बाबतीत आपल्यापेक्षा फार सावकाश होते. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या जुन्या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे वचन ऐकण्याची मुदत सांगितली आहे. माणूस मनापासून झटत असेल तर मुदत कमी करता येई, कारण पाहायचे ते आचरण. आणि शेवटी विचारायचे काय, तर विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का. किती अध्याय पाठ आहेत हे नाही. तीन वर्षांचा आग्रह मी धरणार नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला. पण त्याच फिलिप्पैतल्या लोकांना पौल पुढे तुरुंगातून पत्र लिहीत राहिला, हेही तिथेच आहे.

माझी चूक विचारलीत म्हणून: एका वर्षी एकतीस बाप्तिस्मे दिले आणि अहवालात मोठ्या अक्षरात छापले. त्यांतले किती टिकले हे मी कधी छापले नाही. मोजलेच नव्हते.

---

ग्रीक_शिकतोय

पाळकसाहेब, बारीकशी दुरुस्ती, राग नसावा. आज्ञार्थ एकच आहे हे बरोबर. पण ग्रीकमध्ये अशा जागी मुख्य क्रियापदाच्या आधी आलेलं धातुसाधित त्या आज्ञेचा जोर स्वतःवरही घेतं. मत्तय २:१३ मध्ये देवदूत योसेफाला 'उठून बाळाला घेऊन पळ' म्हणतो, तिथे उठणं ऐच्छिक नव्हतं. तेव्हा 'जाणं महत्त्वाचं नाही, आहात तिथेच शिष्य करा' असा अर्थ काही लोक काढतात, तो ओढूनताणून आहे. जायचंच आहे. फक्त जाऊन परत यायचं नाही.

---

निवृत्त_पाळक

दुरुस्ती मान्य. शेवटचे वाक्य चोरून ठेवतो.

---

मार्था_किती_कामं

मोहरीभाऊ, तुमचा तो टॉवेल मनात रुतला.

मी काय करते ते सांगते. मला भाषण जमत नाही, वाद तर मुळीच नाही. मी बरोबर बसून वाचते. कुणी आपणहून विचारलं की 'तू एवढी शांत कशी गं?' (मी शांत नाही, पण लोकांना वाटतं), तर म्हणते, सांगते, पण त्यापेक्षा येशूची गोष्ट मुळातून वाचूया का? मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय, आठवड्याला एक, पाऊण तास. नको वाटलं तर कुठल्याही आठवड्यात थांबायचं, कारण सांगायचं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते आणि मनापासून सांगते.

बसल्यावर प्रश्न तीनच. यात येशू कसा दिसला? काय खटकलं किंवा कळलं नाही? हे खरं असेल तर उद्या माझ्या दिवसात काय बदलेल? तिसऱ्याचं उत्तर मीही द्यायचं आणि पुढच्या वेळी झालं का ते दोघींनी सांगायचं. खरी मेख तिथे आहे. एकदा मार्क ११ मध्ये 'क्षमा करा' पाशी आलो. समोरची बाई अजून विश्वासात नव्हती, तिने सरळ विचारलं, "मग तुम्ही तुमच्या जावेशी बोलायला लागलात का?" मी गप्प. पुढच्या आठवड्यापर्यंत मला तो फोन करावा लागला. शिष्य कोण कुणाला करत होतं देव जाणे.

आजवर अशा सात जणींबरोबर बसले. दोघी विश्वासात आल्या. तिघींनी पूर्ण वाचलं आणि 'छान आहे, पण माझं नाही' म्हणाल्या, त्यांतली एक माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. दोघींनी मध्येच सोडलं. ज्या दोघी आल्या त्यांना बाप्तिस्म्यानंतर वेगळं काही सुरू करावं लागलं नाही. बैठक होतीच, मार्क संपला तर लूक घेतला.

---

पलीकडचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही. या संस्थळावर पुस्तकांच्या धाग्यांसाठी येतो, हा धागा वर दिसला म्हणून वाचला. दुसऱ्या बाजूचं ऐकायचं असेल तर लिहितो, नसेल तर प्रतिसाद उडवा.

माझे वडील इस्पितळात होते, अखेरचे दिवस. एक अनोळखी गृहस्थ वॉर्डात आले आणि न विचारता खाटेशी उभे राहून मोठ्याने प्रार्थना करू लागले. जाताना मला म्हणाले, विश्वास ठेवलात तर उठून बसतील. वडील चौथ्या दिवशी गेले. त्या वाक्याने माझ्या आईला वर्षभर छळलं: आपण विश्वास ठेवला असता तर? ते गृहस्थ वाईट नसतील. पण त्यांच्या वहीतही अशी एखादी ओळ असेल, आणि आमच्या वर्षाचा रकाना नसेल.

दुसरा अनुभव एका मित्राचा. दोन वर्षं घट्ट मैत्री. मी एकदा स्पष्ट सांगितलं की मला हे पटत नाही आणि पटेलसं वाटत नाही. त्यानंतर हळूहळू फोन बंद. तेव्हा कळलं की मी मित्र नव्हतो, काम होतो.

आणि तिसरी माझ्या ऑफिसातली एक बाई. तिने आपणहून कधी विषय काढला नाही, पण विचारलं तर टाळलाही नाही. मी एकदा खोचकपणे विचारलं, "मग मी नरकात जाणार का तुमच्या मते?" ती म्हणाली, "न्याय करायला मी बसलेले नाही. मला येशूवाचून जगता येत नाही आणि तुलाही तो कळावा असं मला वाटतं, हे लपवणार नाही. पण तू नाही म्हणालास तरी आपण उद्या जेवायला एकाच टेबलावर." आणि खरंच बसलो. अजून बसतो. मी ख्रिस्ती झालेलो नाही, पण तिच्याशी या विषयावर तासभर बोलू शकतो. इतर कुणाशी दोन मिनिटंही नाही.

---

मोहरीचा_दाणा

शेजारी, प्रतिसाद उडवायचा प्रश्नच नाही. तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वॉर्डांत गेलेलो आहे. विचारून गेलो होतो का, हे आठवायचा प्रयत्न करतोय, आणि प्रत्येक वेळी 'हो' असं उत्तर येत नाही.

---

निवृत्त_पाळक

शेजारीसाहेब, आपण लिहिलेत हे बरे केलेत. आपल्याच बाजूच्या लोकांसाठी एक नोंद: २०११ साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवादाचे मंडळ आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याबद्दल एक निवेदन काढले. एरवी या तिघांचे सहजी जमत नाही. त्यात साक्ष देणे हा हक्क आणि आनंद आहे हे स्पष्ट आहे, आणि फसवणूक, जबरदस्ती, आमिष यांनी सुवार्तेशीच प्रतारणा होते हेही तितकेच स्पष्ट. गरिबीचा किंवा दुखण्याचा फायदा घेऊ नये, बरे होण्यासाठीची प्रार्थना करताना माणसाची हतबलता वापरू नये, हेही त्यात आहे.

१ पेत्र ३:१५ आपण 'उत्तर देण्यास सिद्ध असा' इथवरच म्हणतो. तिथे 'विचारणाऱ्याला' आहे, आणि पुढे सौम्यतेने आणि आदराने द्या असेही आहे. वचन अर्ध्यात तोडायची खोड आम्हा पाळकांचीच, तुम्हाला ती आमच्याकडून लागली.

---

मौन_सुवार्ता

म्हणूनच मी म्हणतो, बोलायचंच कशाला? असिसीच्या फ्रान्सिसने म्हटलंय ना, सुवार्ता नेहमी सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. आपलं वागणंच बोलतं.

---

ग्रीक_शिकतोय

ते वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात कुठे सापडत नाही. आणि हा माणूस शब्दांना भिणारा नव्हता. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ तो निःशस्त्र सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला, तेही बोलायलाच. सुलतानाने त्याला आदराने वागवून सुखरूप परत पाठवलं. धर्म कुणी बदलला नाही. पण त्या युद्धातली ही एक भेट लोकांना आठशे वर्षांनी आठवते.

---

मार्था_किती_कामं

मौनभाऊ, चांगलं वागून लोकांना एवढंच कळतं की मी चांगली आहे. येशूचं नाव त्यांना माझ्या चेहऱ्यावर कुठून वाचता येणार? कृत्ये ८ मधला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात यशया वाचतोय. फिलिप्प विचारतो, "वाचता ते समजते काय?" तो म्हणतो, कुणी समजावल्यावाचून कसं समजेल? मग फिलिप्प चढून जवळ बसतो. पण क्रम बघा: आधी धावत जाऊन ऐकलं, मग विचारलं, बोलावल्यावर चढला, आणि तो वाचत होता त्याच जागेपासून सुरुवात केली. स्वतःची पत्रिका काढली नाही.

---

रात्री_आलेला

पत्रिकांवर सगळे तुटून पडण्याआधी दोन ओळी त्यांच्या बाजूने. आपले नारायण वामन टिळक रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाला भेटले. गप्पा झाल्या, उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. १८९३ ची गोष्ट. टिळकांनी केवळ शब्द दिला म्हणून वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. देणाऱ्याला पुढे काय झालं ते कळलंही नसेल. मात्र त्याने पुस्तक भिरकावलं नव्हतं, आधी माणसाशी बोलला होता.

आता माझं. मी मोठेपणी विश्वासात आलो. नाव रात्री येशूला भेटायला आलेल्या निकदेमावरून घेतलंय कारण मीही वर्षभर लपूनछपूनच प्रश्न विचारायला जायचो. ज्याच्याकडे जायचो त्याच्याकडे फार उत्तरं नव्हती. 'चांगल्या माणसांना दुःख का' असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि तो म्हणाला, "मला माहीत नाही. ईयोबालाही सांगितलं नव्हतं." (ईयोब म्हणजे बायबलातला, निर्दोष असून दुःख भोगलेला माणूस.) मी आधी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. याच्याकडे नव्हतं म्हणून मी परत गेलो.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. बाप्तिस्म्यानंतर मंडळीतल्या उत्साही लोकांनी मला घरच्यांपासून तोडायलाच घेतलं. 'आता आम्हीच तुझं कुटुंब.' ऐकायला गोड. माझ्या त्या मित्राने मला मार्क ५ वाचायला लावला. गरसेकरांच्या मुलखातला तो भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत यायला बघतो आणि येशू नाही म्हणतो. तू आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा. मी गेलो. पहिलं वर्ष कठीण गेलं. आई बोलायची नाही. मी काही सांगितलं नाही, फक्त दर रविवारी संध्याकाळी जाऊन बसायचो. दुसऱ्या वर्षी आईने विचारलं, "तिथे नक्की काय करता रे तुम्ही?" तीन वाक्यांत सांगितलं आणि थांबलो. थांबणं फार जड गेलं.

---

थोमा_दुसरा

हे सगळं वाचून धीर आला. मी माझी साक्ष लिहून काढली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला कधीतरी सांगेन म्हणतो. तपासून द्या:

'मी पापाच्या चिखलात रुतलो होतो. प्रभूने कृपा करून मला कोकऱ्याच्या रक्ताने धुतले. जुने ते होऊन गेले, आता मी नवी उत्पत्ती आहे. हालेलुया!'

---

पलीकडचा_शेजारी

थोमाभाऊ, तुमच्या भावनेचा आदर राखून सांगतो, कोकऱ्याच्या रक्तापाशी मी दचकलो. आणि 'नवी उत्पत्ती' म्हणजे? चिखल कसला होता तेही कळलं नाही. दारू? पैसे? मारामारी? मी तुमचा सहकारी असतो तर 'हं हं' म्हणून कॉम्प्युटरकडे वळलो असतो.

---

मार्था_किती_कामं

हाहा, शेजारी, तुम्हाला आमच्या सुवार्ता गटात घ्यायला पाहिजे, मसुदे तपासायला.

थोमा, शेजारी बरोबर बोलतायत. ही आपली घरातली भाषा आहे. घरात ती खरी आणि सुंदर आहे, पण पाहुण्याला शब्दकोश द्यावा लागतो. योहान ९ मधला जन्मांध बघ, त्याच्यामागे सगळे पंडित लागलेत आणि तो म्हणतो: मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढंच मला ठाऊक आहे. पौलानेही अग्रिप्पा राजापुढे (कृत्ये २६) हाच क्रम ठेवला. आधी मी कसा होतो, मग वाटेत काय घडलं, मग काय बदललं. तू पुन्हा लिही. एकही असा शब्द नको जो फक्त रविवारी वापरतोस.

---

थोमा_दुसरा

दोन दिवस लागले.

'बाबा गेले तेव्हा आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. चूक माझी होती आणि माफी मागायला माणूसच उरला नाही. रात्र रात्र झोप यायची नाही. एकाने मला येशूने सांगितलेली एक गोष्ट वाचून दाखवली, घर सोडून गेलेल्या मुलाची. मुलगा परत येताना माफीचं भाषण पाठ करून येतो, पण बाप ते पुरं होऊच देत नाही, आधीच मिठी मारतो. मला वाटलं, देव असा असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. त्या रात्री पहिल्यांदा बोललो. आता रोज बोलतो. झोप येते. भावाशी अजून पटत नाही, ते तसंच आहे.'

---

पलीकडचा_शेजारी

हे मी ऐकलं असतं. भाषण पुरं होऊ देत नाही हे खरंच त्या गोष्टीत आहे?

---

ग्रीक_शिकतोय

आहे. लूक १५:१९ मध्ये मुलाने ठरवलेलं वाक्य आणि २१ मध्ये प्रत्यक्ष म्हटलेलं ताडून बघा. 'मला चाकरासारखं ठेवा' हा भाग तोंडातच राहतो. (काही जुन्या हस्तलिखितांत तो २१ मध्येही आहे, पण बहुतेक अभ्यासक तो १९ वरून मागून घातलेला मानतात.)

---

निवृत्त_पाळक

'भावाशी अजून पटत नाही' हे वाक्य काढू नकोस थोमा. सगळे सुटले म्हणणाऱ्या साक्षींनी फार माणसे बिथरली आहेत. नव्या विश्वासणाऱ्याला वाटते आपलेच काही सुटत नाही, म्हणजे आपला बाप्तिस्माच खोटा.

---

मौन_सुवार्ता

मग रोज सकाळी वचनाचे फॉरवर्ड पाठवतात त्याचं काय? ती सुवार्ताच ना?

---

मार्था_किती_कामं

मौनभाऊ, तुम्ही मला रोज सहा पाठवता. उघडते का विचारू नका.

---

निवृत्त_पाळक

मूळ प्रश्नाकडे, म्हणजे टॉवेलाकडे येतो.

अठराव्या शतकातला इंग्लंडचा मेथडिस्ट प्रचारक जॉन वेस्ली, त्याच्या लोकांत छोटे वर्ग होते, साधारण बाराजणांचे. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते आध्यात्मिक हेतूने नव्हेच. प्रार्थनागृहावर कर्ज होते. कुणीतरी सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, एकाने अकराजणांची जबाबदारी घ्यावी आणि ज्याला जमत नाही त्याची पेनी स्वतः भरावी. तो माणूस दारोदार जाऊ लागला आणि पैशांबरोबर त्याला कळू लागले की या घरात भांडण आहे, तो प्यायला लागलाय, ती आजारी आहे. वेस्लीच्या लक्षात आले की कर्जापेक्षा मोठे काहीतरी हाती लागले. पुढे ते बाराजण आठवड्याला एकत्र बसून एकमेकांना विचारत: तुझ्या आत्म्याचे कसे चालले आहे? बस्स, दर आठवड्याला कुणीतरी नाव घेऊन विचारायचे. आमच्या मंडळीत दोनशे माणसे होती आणि प्रत्येकाला विचारणारा मी एकटा. म्हणजे कुणालाच कुणी विचारत नव्हते.

आणि जे लगेच फळ मागतात त्यांच्यासाठी: मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरला. पहिला बाप्तिस्मा कृष्ण पाल या सुताराचा, डिसेंबर १८०० मध्ये. सात वर्षे. तोही आला कसा, तर खांदा निखळला होता, तो जॉन थॉमस या डॉक्टरने बसवला आणि बोलणे सुरू झाले. ब्रह्मदेशात अडोनिराम जडसन १८१३ ला पोहोचला, पहिला बाप्तिस्मा १८१९. त्यांच्या वह्यांत सहा-सहा वर्षे काय लिहीत असतील?

मोहरीभाऊ, तुम्ही त्या माणसाला गमावले असे धरून बसू नका. २ तीमथ्य ४ काढा. दहाव्या ओवीत पौल लिहितो, देमास मला सोडून गेला. पौलाचाही माणूस गेला. अकराव्या ओवीत लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हाच मार्क पंफुल्यातून परत फिरला होता (कृत्ये १३). पुढच्या फेरीत त्याला न्यायला पौल तयार नव्हता आणि त्यावरून त्याचे बर्णबा या सोबत्याशी इतके बिनसले की दोघे वेगळे झाले. मार्काला पुन्हा बरोबर घेतले बर्णबाने. आपल्याकडे पौल व्हायला रांग लागते. मला या वयात बर्णबा हवेसे वाटतात.

---

मोहरीचा_दाणा

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पाळकसाहेबांचा प्रतिसाद वाचून त्याच्याकडे गेलो. आधी फोन करून विचारलं, येऊ का? तो म्हणाला, पत्रिका आणणार असाल तर नको. मी रिकाम्या हाताने गेलो. माफी मागितली, कारणं दिली नाहीत. (एक द्यायला निघालो होतो, गिळलं.) तो बराच वेळ बोलला. बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या महिन्यात त्याची नोकरी गेली होती. मला माहीत नव्हतं. गटात कुणालाच माहीत नव्हतं. रविवारी तो मागच्या बाकावर बसायचा, आम्ही त्याला 'कसे आहात, प्रभूची स्तुती' म्हणून पुढे जायचो.

मंडळीत परत ये असं म्हणालो नाही. मार्थाताईंचं उसनं घेतलं: मार्क वाचूया का? त्याने अट घातली, उपासनेचं नाव काढायचं नाही. कबूल केलं. दर गुरुवारी बसतो. गुरुवारी आमच्या गटाची पत्रिका वाटायची फेरी असते, तिथे सांगून टाकलं की मला यापुढे जमणार नाही. वही दुसऱ्याकडे द्यायची म्हणत होते, पण ती मी ठेवून घेतलीय. मागच्या पानांवर पंचेचाळीस नावं निघाली ज्यांच्यापुढे खूण आहे. त्यांतली अकरा रविवारी दिसतात. उरलेल्यांचे फोन नंबर शोधतोय. गटातल्या दोघांनी पाच-पाच नावं उचललीत, एकाने 'हे आपलं काम नाही' म्हटलं.

आता मदत हवी. परवा दुसरा अध्याय झाला. मार्क २:२६ मध्ये येशू म्हणतो, अब्याथार प्रमुख याजक असताना दाविदाने समर्पित भाकरी खाल्ल्या. या पठ्ठ्याने मोबाईलवर १ शमुवेल २१ उघडून दाखवलं, तिथे याजक अहीमलेख आहे. "मग चुकलं कोण?" म्हणाला. नऊ वर्षं पत्रिका वाटल्या, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

---

मार्था_किती_कामं

मग तुम्ही काय सांगितलंत?

---

मोहरीचा_दाणा

'माहीत नाही' म्हणालो. पुढच्या गुरुवारी सांगतो म्हटलं.

---

ग्रीक_शिकतोय

प्रश्न जुना आहे, हे त्यांना आधी सांगा. मत्तय आणि लूक हीच घटना सांगताना अब्याथाराचं नाव घेतच नाहीत, म्हणजे तेव्हाही कुणाला तरी खटकलं असावं. अब्याथार हा अहीमलेखाचा मुलगा, १ शमुवेल २२ मध्ये शौलाने केलेल्या कत्तलीतून वाचलेला. मार्काच्या शब्दांचा अर्थ 'अब्याथाराच्या उताऱ्यात' असा काहीजण लावतात, जसं मार्क १२:२६ मध्ये 'झुडपाच्या' गोष्टीबद्दल (मोशे आणि जळतं झुडूप) आहे. मला तो अर्थ पुरता पटलेला नाही. बुधवारपर्यंत सविस्तर लिहितो, गुरुवारच्या आत.